दाराची आतली बाजू

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत यंदा पाण्याच्या टाकीपेक्षा जास्त वेळ कुत्र्यामांजरांवर गेला. एक ज्येष्ठ सभासद उठले आणि दहा मिनिटं बोलले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: पाळलेली जनावरं घराची नासधूस करतात ती मुद्दाम करतात. मालक सोडून गेला याचा राग ती दारावर, सोफ्यावर, गादीवर काढतात. कुत्रं डूख धरतं. त्यावर उपाय दोनच, वेळच्या वेळी फटका आणि मालक घरी नसताना साखळी किंवा बंद खोली. गावाकडे पिढ्यान्‌पिढ्या कुत्री होती, तिथे कुणाला ‘एकटेपणाचा त्रास’ झाला नाही. ही सगळी शहरातली थेरं आहेत. आणि ज्यांना आपलं जनावर आवरत नाही त्यांच्यासाठी सोसायटीने सरळ बंदी घालावी.

टाळ्या पडल्या. मी त्या दिवशी गप्प बसले, कारण बोलले असते तर रागाने बोलले असते. पण हे म्हणणं त्या एका गृहस्थांचं नाही. हेच मी लिफ्टमध्ये ऐकते, ऑफिसात ऐकते, नात्यातल्या लग्नकार्यात ऐकते. कुत्री पाळणारेसुद्धा हेच बोलतात आणि ते मला जास्त लागतं. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते. वडीलधाऱ्यांचा अनादर करायचा नाही. पण त्यांचं म्हणणं चूक आहे, आणि त्या चुकीची किंमत बोलता न येणारा जीव मोजतो.

राग की घाबरगुंडी?

पहिला मुद्दा सुडाचा. त्याला माझ्या घरातलं एक दार साक्षीला आहे.

भुरी आमच्याकडे आली २०२० च्या जूनमध्ये. पार्किंगमध्ये गाडीखाली भिजत बसलेलं दीड-दोन महिन्यांचं गावठी पिल्लू. टाळेबंदीचे दिवस. नवरा घरी, मी घरी, मुलीची शाळा मोबाइलवर. पुढे जवळजवळ दोन वर्षं भुरी एक तासही एकटी राहिली नाही. २०२२ च्या मार्चमध्ये ऑफिसं आणि शाळा पूर्ववत झाल्या. एका सोमवारी सकाळी पावणेनऊला आम्ही तिला बेडरूममध्ये ठेवलं, पाण्याचं भांडं ठेवलं, पोळी कुस्करून ठेवली आणि बाहेरून कडी घालून निघालो. हॉलमधला सोफा नवा होता, म्हणून बेडरूम.

संध्याकाळी साडेसहाला कडी काढली. दाराच्या आतल्या बाजूचा सनमायका खालपासून हँडलपर्यंत उचकटला होता. त्याखालचा प्लाय पापुद्र्यापापुद्र्याने सोलला होता. चौकटीच्या कडेवर दातांच्या खाचा होत्या. फरशीवर लाकडाचा चुरा आणि त्या चुऱ्यात रक्त. पुढच्या उजव्या पायाचं एक नख मुळाशी तुटलं होतं. पोळीला तोंडही लावलेलं नव्हतं.

दार बघायला मिस्त्री आले तेव्हा त्यांनी ते आधी हाताने चाचपलं, मग वाकून चौकट बघितली. म्हणाले, “ताई, ही खोडी नाही. खोडकर जनावर मिळेल ते चावतं. पलंगाचा पाय चावतं, चप्पल चावतं. इथे सगळं कडीच्या आणि फटीच्या आसपास आहे. हिला बाहेर पडायचं होतं.”

खरंच, त्या खोलीत गादी होती, उशा होत्या, मुलीची पुस्तकं खालच्या फळीवर होती, माझ्या चपला होत्या. एकाही वस्तूला दात लागला नव्हता. सूड उगवायचा असता तर माझ्या वासाने भरलेली उशी हाताशी होती. ती सोडून भुरीने लाकडाशी झुंजून स्वतःचं नख तोडून घेतलं. स्वतःला रक्तबंबाळ करून घेणारा हा कसला सूड?

मिस्त्रींनी लाकूड बघून जे ओळखलं तेच प्राण्यांच्या वर्तनाचे डॉक्टर सांगतात. एकटं राहण्याच्या भीतीने केलेली मोडतोड बहुतेक वेळा बाहेर जाण्याच्या वाटेवर असते: दार, चौकट, खिडकीची कड, उंबऱ्याजवळची फरशी. ती मालक गेल्यावर थोड्याच वेळात सुरू होते, बहुधा पहिल्या अर्ध्या तासात. सोबत धाप असते, लाळ असते, येरझारा असतात, कधी घरात लघवी होते. एरवी ताटाकडे टक लावून बसणारं कुत्रं समोरचं अन्न शिवत नाही आणि मालक परतला की तेच अन्न गपागप खातं. कुठलाही प्राणी जिवाच्या भीतीत जेवत नाही. माणूसही नाही.

माझी खात्री पटायला तरीही एक व्हिडिओ लागला. जुना मोबाइल कपाटावर ठेवून, रेकॉर्डिंग लावून मी खाली पार्किंगमध्ये जाऊन उभी राहिले. नंतर बघितलं ते असं: लिफ्टचं दार लागल्याचा आवाज होईपर्यंत भुरी कान टवकारून उभी होती. मग तिने दाराखालच्या फटीला नाक लावलं आणि वास घेत राहिली. चौथ्या मिनिटाला फेऱ्या सुरू झाल्या, दारापासून खिडकी, खिडकीपासून दार. आठव्या मिनिटाला जीभ बाहेर आली, हनुवटीवरून लाळ गळायला लागली, गळ्यातला पट्टा ओला झाला. अकराव्या मिनिटाला पुढचे दोन्ही पंजे दारावर. मधेच लिफ्ट वर आली. ती थबकली, शेपटी एकदा हलली. लिफ्ट आमच्या मजल्यावर न थांबता वर गेली. आणि पंजे पुन्हा सुरू झाले, आधीपेक्षा जोरात.

ज्यांना त्यात राग दिसतो त्यांनी तो व्हिडिओ बघावा. कुणी पाण्यात बुडताना काठाची माती ओरबाडतो तेव्हा त्याला मातीचा राग आलेला नसतो.

“बघा, त्याला कळतं!”

यावर हमखास येणारं उत्तर असं: मग मालक घरी आल्यावर ते कान पाडून कोपऱ्यात का जातं? त्याला ठाऊक असतं आपण काय केलं ते!

हे वाक्य त्या सोमवारी आमच्याही घरात बोललं गेलं. मी ओरडले होते. वर्तमानपत्राची गुंडाळी जमिनीवर आपटली होती आणि एक फटका भुरीच्या पाठीवरही बसला होता. तिने पोट जमिनीला टेकवलं, कान मागे पाडले, नजर वळवली. आम्ही तिघंही म्हणालो, हिला बरोबर कळतंय.

न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात शिकवणाऱ्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी नेमकं हेच तपासलं. त्यांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. १४ पाळीव कुत्री आणि त्यांचे मालक. मालकाने कुत्र्याला खाऊ दाखवायचा, ‘नाही’ म्हणायचं आणि खोलीबाहेर जायचं. त्याच्या माघारी कधी कुत्र्याने खाऊ खाल्लेला असायचा, कधी नसायचा. पण परतल्यावर मालकाला जे सांगितलं जाई ते दर वेळी खरं नसे. त्यामुळे काहीही न केलेल्या कुत्र्यालाही काही वेळा रागावणं बसलं. निष्कर्ष स्पष्ट होता. आपण ज्याला ‘अपराधी चेहरा’ म्हणतो तो कुत्र्याने खाऊ खाल्ला होता की नाही यावर ठरत नव्हता. तो मालक रागावला की नाही यावर ठरत होता. आणि सगळ्यात जास्त अपराधी दिसली ती निर्दोष असूनही बोलणी खाल्लेली कुत्री.

म्हणजे आपण ज्याला कबुली समजतो ती गयावया असते. समोरचा मोठा प्राणी संतापलाय हे ओळखून लहान प्राणी स्वतःला अजून लहान करतो. “मारू नका” एवढंच तो त्याच्या भाषेत म्हणत असतो. आणि त्या विनवणीलाच गुन्ह्याचा पुरावा धरून आपण आणखी एक फटका देतो. एखाद्या न्यायालयात असं झालं तर आपण त्याला न्याय म्हणू का?

फटका आणि साखळी

आता उपायांकडे येऊ. आधी फटका. शिक्षा कशासाठी हे शिक्षा भोगणाऱ्याला कळावं लागतं. कुत्रं जे करतं त्याचा आणि लगेच पुढे जे घडतं त्याचा संबंध जोडतं. सकाळी नऊला ओरबाडलेल्या दाराचा आणि संध्याकाळी साडेसहाच्या फटक्याचा संबंध जोडणं त्याच्या आवाक्यात नाही. त्याला एवढंच कळतं की दिवसभर ज्याची वाट बघितली तो आला आणि त्याने मारलं. मग एकटं राहण्याच्या भीतीला मालक परत येण्याची भीती जोडली जाते. भुरीच्या बाबतीत नेमकं असंच घडलं. त्या फटक्याच्या दुसऱ्या दिवशी दार आणखी सोललं आणि सोबत खोलीत दोन ठिकाणी लघवी होती. सुधारणा औषधालाही नव्हती.

साखळी आणि बंद खोली हा दुसरा उपाय. अडकून पडण्याने जो घाबरला आहे त्याला आणखी घट्ट अडकवायचं! जागा जितकी लहान तितकी झटापट मोठी. पिंजऱ्यात कोंडलेली घाबरलेली कुत्री गजांवर दात तोडून घेतात, बाल्कनीत बांधलेली पट्ट्यात अडकून गळा कापून घेतात. भुरी हॉलमध्ये मोकळी असती तर तिने कदाचित सोफा फाडला असता, पण नख गमावलं नसतं. आमच्या मिस्त्रींनी मला आणखी एक मार्ग सुचवला होता, तोही मनापासून: “आतून पत्रा मारून देऊ का? मग नाही फाडता येणार.” बऱ्याच घरांच्या दारांना असा ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकलेला मी बघितला आहे. पत्र्याने दार वाचतं. नखं आणि दात तेवढेच तुटतात, आणि खाली राहणाऱ्या शेजाऱ्याला आवाज जास्त येतो.

मराठीत कोंडमारा असा एक शब्द आहे. आपण तो मनाच्या घुसमटीला वापरतो. सभेत सुचवलेले दोन्ही उपाय एकत्र केले, कोंडा आणि मारा, तर तोच शब्द तयार होतो. भाषेला ठाऊक आहे की याने कुणी शहाणं होत नाही, जीव गुदमरतो.

आणि ज्यांना भावनेचं काही नको, नियमाचं बोला असं वाटतं त्यांच्यासाठी नियमही आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आपल्या संसदेने १९६० साली केला. त्याच्या ११ व्या कलमात क्रूरता कशाला म्हणायचं याची यादी आहे. प्राण्याला मारहाण करणं त्यात आहे. अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणं त्यात आहे. नीट हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणं त्यात आहे. आणि खास कुत्र्यासाठी एक वेगळं वाक्य आहे: नेहमी साखळीला बांधलेल्या किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसं हिंडवलं-फिरवलं नाही तर तीही क्रूरताच. पहिल्या गुन्ह्याला दंड फक्त १० ते ५० रुपये ठेवलेला असल्याने या कायद्याचा धाक कुणाला वाटत नाही, ही आपल्यासाठी शरमेची गोष्ट आहे. पण दंड किरकोळ म्हणून कृत्य किरकोळ होत नाही.

गावाकडचं कुत्रं

“गावाकडे असलं काही नव्हतं.” हा मुद्दा मला सर्वात जवळचा वाटतो, कारण माझं आजोळ शिरूर तालुक्यातलं आहे आणि तिथल्या काळ्या नावाच्या कुत्र्याच्या अंगाखाली मी लहानपणी पाय ऊबेला ठेवले आहेत.

गावाकडे हा त्रास नव्हता हे खरं आहे. पण का नव्हता? काळ्या कधी कोंडलेला नव्हता म्हणून. आजोळच्या घराचं दार पहाटे उघडायचं ते रात्री जेवणं झाल्यावर लागायचं, आणि ते लागायचं तेव्हा काळ्या दाराबाहेर ओट्यावर असायचा. सकाळी तो आजोबांच्या मागे मळ्यात जायचा. दुपारी विहिरीवर बायकांच्या आसपास पडून राहायचा. संध्याकाळी सगळी आळी त्याची. घरात कुणी ना कुणी असायचंच आणि कुणी नसलं तरी शेजार असायचा. त्याला घर म्हणजे माणसांची ये-जा ठाऊक होती. कुलूप त्याच्या आयुष्यात नव्हतं.

एकदाच आलं. आजी सांगायची, सुगीत एका रात्री काळ्या धान्याच्या खोलीत शिरला आणि कुणाच्या लक्षात न येता बाहेरून कडी पडली. सकाळी उघडलं तर त्याने उंबऱ्यालगतची जमीन कोपरभर उकरली होती आणि दाराची खालची फळी कुरतडली होती. शेजारात, गावात सगळ्यात शांत म्हणून ओळखला जाणारा कुत्रा! आजीने त्याला मारलं नाही. “मुकं जनावर, जीव कोंडला त्याचा,” एवढं म्हणून तिने त्याला ताक-भाकर घातली. आजीला मानसशास्त्राचा गंध नव्हता. पण कडी कुणी घातली होती हे तिच्या लक्षात होतं.

तेव्हा गावाचं उदाहरण देणाऱ्यांनी ते पुरतं द्यावं. गावातला कुत्रा आणि शहरातला कुत्रा यांच्या मनात फरक नाही, त्यांच्या दारात आहे. माणसाने माणसाळवलेल्या प्राण्यांत कुत्रा सर्वात जुना. हजारो वर्षं आपण त्याच्यातून तीच पिल्लं निवडली जी माणसाला सोडून जात नाहीत. शहरात हौसेने आणल्या जाणाऱ्या जाती बघा. बीगल टोळीने शिकार करायला वाढवला गेला, लॅब्रॅडॉर कोळ्यांच्या आणि शिकाऱ्यांच्या शेजारी काम करायला, हस्की सैबेरियाच्या बर्फात जोडीदारांसोबत गाडी ओढायला. एकट्याने दहा तास काढणं यातल्या कुणालाही कधी शिकवलेलं नाही. सोबत सोडू नये म्हणून जो घडवला, त्याला आपण इतक्या एकांतात दोन खोल्यांत ठेवतो आणि त्याने सोबत मागितली की त्याला द्वाड म्हणतो.

टाळेबंदीने याला आणखी एक धार लावली. भुरीसारखी किती तरी पिल्लं त्या दोन वर्षांत घरात आली, जेव्हा सगळी माणसं चोवीस तास घरी होती. मग एका आठवड्यात घरं रिकामी झाली. त्या पिल्लांना कुणीही सांगितलं नव्हतं की बाहेर गेलेला माणूस परत येतो.

जे खरं आहे ते मान्य

प्रत्येक फाटलेली गादी भीतीने फाटते असं मी म्हणत नाही. फिनलंडमध्ये सुमारे १३,७०० कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती गोळा करून केलेला एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आवाजाला घाबरणारी कुत्री ३२ टक्के होती, तर एकटं राहण्याशी जोडलेला त्रास ५ टक्के कुत्र्यांत नोंदला गेला. तेव्हा कारण ओळखणं महत्त्वाचं. चार ते सहा महिन्यांचं पिल्लू चावतं कारण दुधाचे दात पडून नवे येत असतात, हिरड्या शिवशिवतात. त्याला चावायला योग्य वस्तू द्यावी. तरुण, धडधाकट कुत्रं दुपारी चप्पल फाडतं कारण सकाळी त्याला दहा मिनिटंच फिरवलं आणि आता त्याला काहीच उद्योग नाही. तो कंटाळा आहे, त्याला व्यायाम आणि डोक्याला काम हवं. दिवाळीत पलंगाखाली शिरून गादी कुरतडणारं कुत्रं फटाक्यांना भिणारं असतं. म्हातारं कुत्रं घरात लघवी करतं तेव्हा आधी मूत्रपिंड तपासावं. मांजर सोफ्यावर नखं घासतं ते नखांचं जुनं आवरण काढायला आणि पंजातल्या ग्रंथींचा वास ठेवायला. त्याला सुतळी गुंडाळलेला भक्कम, उंच खांब दिला की बऱ्याच सोफ्यांचं आयुष्य वाढतं. कारणं वेगळी, उपाय वेगळे. पण या यादीत डूख कुठेच नाही, आणि फटक्याने बरं होणारं एकही कारण नाही.

शेजाऱ्यांचा त्रासही खरा आहे. आमच्या खालच्या मजल्यावर रात्रपाळी करणाऱ्या एक नर्सताई राहतात. भुरी दिवसा दोन-दोन तास रडायची तेव्हा त्यांची झोप जायची. त्या एकदा वर आल्या, चिडलेल्या होत्या आणि त्यांना चिडायचा पूर्ण हक्क होता. त्यांचं म्हणणं ऐकून घेणं हे माझं काम होतं. पण एक गोष्ट लक्षात घ्या: त्यांची झोप आणि भुरीची भीती यांत भांडण नाही. भुरीची भीती गेली तरच त्यांची झोप परत येणार होती.

आपल्याच लोकांना

इथपर्यंत ज्यांनी माना डोलावल्या त्या पाळणाऱ्यांशी आता बोलते, आणि हे जास्त कडक आहे.

बंदी घालता येत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या फेब्रुवारीत काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत सोसायट्यांना पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही असं स्पष्ट केलेलं आहे. सभेत आपण तो कागद फडकवतो. पण पाळण्याचा हक्क सांगणाऱ्याने पाळण्याचं काम करायला हवं. ‘ती आमची मुलगीच आहे’ असं म्हणत फोटो काढायचे आणि त्याच मुलीला दिवसाचे दहा तास कडीच्या आत ठेवायचं, या दोन्ही गोष्टी एका तोंडाने बोलता येत नाहीत. स्वीडनमध्ये कुत्र्याला दिवसा किमान दर सहा तासांनी बाहेर न्यावं लागतं असा नियमच आहे. आपल्याकडे नियम नाही म्हणून आपल्या कुत्र्याचं मूत्राशय मोठं होत नाही.

म्हणून पिल्लू आणण्याआधी वयाचा, जातीचा, रंगाचा विचार नंतर करा. आधी एक प्रश्न: मंगळवारी दुपारी दोन वाजता त्याच्यासोबत कोण असेल? याचं उत्तर नसेल तर आणू नका. हे न आणणंही त्या प्राण्यावरचं प्रेमच आहे. आणि आणल्यावर त्रास झाला म्हणून त्याला दूर कुठे तरी ‘सोडून येणं’ हा उपाय नव्हे. १९६० च्या त्याच कायद्यात विनाकारण प्राणी सोडून देणंही क्रूरतेत धरलं आहे.

ज्यांच्या घरी त्रास आधीच सुरू झालाय त्यांना मी एवढंच सांगेन की तो बरा होतो. वेळ लागतो. आम्ही आधी डॉक्टरांकडून तपासण्या करून घेतल्या. मग पहिली गोष्ट केली ती बेडरूमची बाहेरची कडी काढून टाकली. पहिले काही आठवडे भुरीला एकटं ठेवायचंच नाही असं ठरवलं. मी दोन दिवस घरून काम मागून घेतलं, नवऱ्याने पाळ्या बदलल्या आणि तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त आजोबा दुपारी आमच्याकडे पेपर वाचायला येऊ लागले. त्या काळात रोज थोडा थोडा सराव. किल्ल्या उचलायच्या आणि पुन्हा सोफ्यावर बसायचं. पर्स खांद्याला लावायची आणि भाजी चिरायला घ्यायची. चपला घालायच्या, काढायच्या. किल्ल्यांच्या आवाजाने तिच्या अंगावर येणारा काटा बसेपर्यंत. मग दाराबाहेर पाच सेकंद. मग दहा. एखाद्या दिवशी ती घाबरली तर पुन्हा पाच. निघताना गळामिठी नाही, आल्यावर गोंधळ नाही. शिक्षा तर नाहीच.

डॉक्टरांनी काही महिने गोळीही दिली. कुत्र्याला मनाची गोळी म्हटल्यावर आमच्याकडेही भुवया उंचावल्या. पण यात नवल काही नाही. एकटेपणाच्या भीतीसाठी कुत्र्यांना क्लोमिप्रामाइन द्यायला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९८ मध्ये मान्यता दिली आणि फ्लुऑक्सेटीनला २००७ मध्ये. दोन्ही सरावाच्या जोडीने. ही औषधं माणसांनाही देतात, पण मात्रा वेगळी असते, म्हणून घरातली गोळी मोडून देऊ नका. गोळी कुत्र्याला गुंगवायला नसते. भीतीचा जोर एवढा उतरतो की त्याला सराव शिकता येतो.

दुसरं कुत्रं आणलं की प्रश्न सुटेल असंही बरेच सांगतात. बहुतेक वेळा सुटत नाही, कारण त्याची ओढ माणसाकडे असते. मग दारामागे दोघं रडतात.

चार महिन्यांनी एका दुपारी भुरी चाळीस मिनिटं एकटी राहिली. व्हिडिओत ती दारापर्यंत गेली, फटीला नाक लावलं, परत फिरली, गादीवर एक गिरकी घेतली आणि आडवी झाली. त्या दिवशी खालच्या नर्सताईंना मी जिन्यात थांबवून सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “मला वाटलंच, आज मी उठेपर्यंत झोपले होते.” आज भुरी चार तास शांत राहते. त्याहून जास्त वेळ आम्ही तिला ठेवत नाही. तिला शिकवता आलं ते ती शिकली, उरलेलं आम्ही शिकायचं होतं.

सभेपुढे एक सूचना

तेव्हा पुढच्या सर्वसाधारण सभेत बंदीच्या ठरावाऐवजी मी तीन साध्या गोष्टी मांडणार आहे. एक, दारामागून सतत रडण्याचा आवाज आला तर नोटीस लावण्याआधी त्या घराला एक फोन करावा. बऱ्याच मालकांना आपल्या माघारी काय चालतं हे माहीतच नसतं, मलाही नव्हतं. दोन, इमारतीत दुपारी घरी असणाऱ्या आणि जनावरांची आवड असणाऱ्यांची यादी करावी. आमच्या आजोबांसारखी माणसं प्रत्येक इमारतीत असतात, आणि अशा भेटीने त्यांचीही दुपार बरी जाते. तीन, कुणाचं जनावर दिवसभर बाल्कनीत बांधलेलं किंवा कोंडलेलं दिसलं तर त्या मालकाला समजावणं ही सोसायटीची जबाबदारी मानावी, मग तो मालक कुत्र्याला कितीही लाडाने हाक मारत असो.

आणि ज्येष्ठ सभासदांना माझं मनापासून आमंत्रण आहे. एकदा चहाला या. आमच्या बेडरूमचं ते दार आम्ही बदललेलं नाही, त्यावर पत्राही मारलेला नाही. बाहेरच्या बाजूने ते नव्यासारखं आहे. तुम्ही सभेत जे बोललात ते दाराच्या त्या बाजूने बोललात. दार ढकलून आत या आणि मिस्त्रींसारखा त्याच्या आतल्या बाजूवरून एकदा हात फिरवा. ओरखडे कुठून सुरू होतात आणि कुठे जाऊन थांबतात ते बोटांना लागेल. ते सगळे कडीकडे जातात.